मिसकॉलला पैसे पडत नाहीत

मुंबईच्या विमानतळावर, विमानात चढायच्या अर्धा तास आधी, नजमाने ओढणीची टाचणी काढून माझ्या हातात दिली आणि मी फोनमधलं सिमकार्ड काढलं. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीत ते ठेवलं, झाकण दाबलं आणि मोठं शहाणपण केल्याच्या थाटात तिच्याकडे बघितलं. आठ दिवस मस्कत बघायचं आणि फोनचं बिल एका पैशाने वाढू द्यायचं नाही, असा माझा पण होता. आमच्या मानकोलीच्या गोडाउनमधले एक साहेब दुबईला जाऊन आले होते. खिशातल्या खिशात त्यांच्या फोनने इतकं इंटरनेट खाल्लं की बिल बघून साहेब दोन दिवस जेवले नाहीत. ही कथा मीच जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगत असे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. मी मागची होते.

मी अंजूरची, आई-भावाजवळच राहते. मानकोलीला माल रवाना करायच्या खात्यात कामाला आहे, नजमाही तिथेच. आमचं खातं मिसकॉलवर चालतं. ड्रायव्हर गेटवर पोचला की एक घंटी, माल भरून झाला की दोन. कोणी उचलायचं नाही, कोणाला पैसे पडायचे नाहीत. आता बोलणं जवळजवळ फुकट झालं आहे, पण हाताची सवय गेली नाही.

हेच मी आईलाही शिकवलं. आईला अक्षरओळख नाही. तिच्या गळ्यातल्या पिशवीत बटणांचा फोन असतो. तीनचं बटण दाबून धरलं की माझा नंबर लागतो. एक घंटी झाली की तिने कापायचं, मग मी फोन करायचा. माझा फोन आला की तिच्या फोनात घुंगरू वाजतात, ती घंटी मीच लावून दिली. बाकी कोणाचाही आला तर साधी ट्रिंग-ट्रिंग. मध्यंतरी कोणीतरी तिला फोनवर 'लाइट कापू' म्हणून घाबरवलं होतं, तेव्हापासून मी तिला बजावून ठेवलं होतं: घुंगरू वाजले तरच उचलायचं, साधी घंटी म्हणजे चोर. दुपारी एकला जेवण झाल्यावर आणि संध्याकाळी सहाला दिवा लावल्यावर, मी घरात शिरायच्या आत, तिचा मिसकॉल येतो. गेल्या वर्षापासून तिची आठवण विरत चालली आहे. शेजारणींची नावं गेली, माझ्या वडिलांचं जाणं गेलं. पण तीनचं बटण गेलं नाही आणि घुंगरू गेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, जे राहिलंय ते रोजच्या रोज चालू ठेवा.

म्हणून मी जायला कां-कू करत होते. मस्कतला नजमाची थोरली बहीण असते, राहायची सोय होती, आणि बावन्न वर्षांत मी समुद्र ओलांडला नव्हता. भावाची बायको, सुरेखा वहिनी, म्हणाली, "जाऊन ये गो. आठ दिवसांचा तर परश्न हाय. मी हाय ना घरात."

निघताना आई ओट्यावर बसली होती. मी वाकून पाया पडले. ती म्हणाली, "फोन कर."

"तू मिसकॉल दे, आय. मी करते," मी म्हटलं. सवयीने तोंडातून निघून गेलं, आणि चार तासांनी मी ते सिमकार्ड डबीत बंद केलं.

मस्कत विमानातून दिसतं ते आधी डोंगरच. झाड नाही, झुडूप नाही, करपलेल्या भाकरीच्या रंगाचे. त्यांच्या पायाशी पांढरी बुटकी घरं आणि मग एकदम समुद्र. विमानतळावर पासपोर्ट दाखवून दहा दिवसांचं पाहुण्यांचं सिम घेतलं. पाच मिनिटांचं काम. विकणारा पोरगेला माणूस हिंदीत म्हणाला, इथे इंटरनेटवरून बोलणं लागत नाही, लिहिलेलं आणि रेकॉर्ड केलेलं तेवढं जातं. बाकी साधा फोन करा. मला काय, मला आईलाच फोन करायचा होता. आपल्याकडे सहा वाजतात तेव्हा तिथे साडेचार. साडेचारला मी नजमाच्या बहिणीच्या गच्चीत उभी राहून नंबर लावला. घंटी पूर्ण वाजली. पुन्हा लावला. पुन्हा वाजून थांबली.

आई मागच्या दारी गेली असेल, असं समजून मी खाली आले. आपांनी (नजमाच्या बहिणीला मीही आपाच म्हणू लागले) कहवा दिला होता, वेलची घातलेली कोरी कडू कॉफी, सोबत खजूर. तीन खजूर खाल्ल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. हा नंबर आईच्या फोनात नाही. तिकडे साधी घंटी वाजते आहे. चोराची.

दुसऱ्या दिवशी मत्राहच्या सूकमध्ये (जुन्या बाजारात) फिरलो. लोबान (धुपासारखा सुगंधी डिंक) जळत होता, चांदीच्या खंजिरांची दुकानं होती, एका म्हाताऱ्याने हलव्याचा मऊ तपकिरी गोळा चमच्याने हातावर ठेवला. नजमा भाव करत होती आणि मी वहिनीला फोन लावत होते.

"आय जेवली," वहिनी म्हणाली. "पन फोन सोडीत न्हाय. सारखं तीनचं बटण दाबते. मना विचारते, कुंदाच्या फोनात ती बाई कोण बसलीय?"

"कुठली बाई?"

"अगो, ती बोलते ना, आपण संपर्क करू इच्छित असलेला नंबर बंद आहे. आय तिच्याशी भांडते. बोलते, बंद कशी असेल, तू कोण, माझ्या पोरीला दे."

मला हसू आलं. खरं सांगते, त्या बाजारात उभी राहून मी हसले, नजमालाही सांगितलं. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

मग मी वहिनीला म्हटलं, तुझा फोन आईच्या कानाला लाव. आईने कान लावला, मी "आय, मी कुंदा" म्हटलं, आणि तिने फोन परत केला. मला लांबून ऐकू आलं, "माझ्या फोनात घुंगरू वाजले न्हाय. ही कुंदा न्हाय." मी वहिनीला म्हटलं, हा नंबर तिच्या फोनात घाल आणि त्याला घुंगराची घंटी लाव. वहिनीने दोनदा प्रयत्न केला. आई फोन हातात देईना. तिच्या गळ्यातून काढायला गेली तर ओरडली. तिसऱ्यांदा करू नको, असं मीच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी निझ्वाला गेलो. तिथे फलज (डोंगरातलं पाणी बागांपर्यंत आणणारा दगडी पाट) बघितला. त्या उघड्याबोडक्या मुलखात ते पाणी इतकं निवळ आणि इतकं मुकाट्याने चालतं की मी चपला काढून पाय सोडून बसले. खजुरांच्या बागेत एक बाई झाडाखाली कपडे धूत होती, तिने मला ओंजळभर लिंबं दिली. मला वाटलं, हे आईला सांगायला हवं. म्हणून तिथेच बसून मी सगळं फोनवर बोलून, रेकॉर्ड करून वहिनीला पाठवलं: पाणी, लिंबं, बाई.

संध्याकाळी वहिनीचं उत्तर आलं. आईने ते ऐकलं होतं. पहिल्यांदा खूश झाली, मध्येच तिने विचारलं, "जेवलीस कं?" आवाज पुढे लिंबांचं सांगत राहिला. तिने पुन्हा विचारलं, "कुंदे, जेवलीस कं?" आवाज संपला. तेव्हा ती म्हणाली, माझी पोर असती तर उत्तर दिलं असतं. पुढचं रेकॉर्डिंग तिने ऐकलंच नाही.

त्या दिवसापासून मला मस्कत दिसेनासं झालं. माणसाने हौसेने परदेशी जावं आणि तिथे घड्याळ बघत बसावं, अशी माझी गत झाली. साडेअकरा वाजले की आपल्याकडे एक. आता ती बटण दाबत असेल. साडेचार वाजले की सहा. परतीचं तिकीट बदलायला गेले, तर सगळी विमानं भरलेली.

पाचव्या दिवशी सूर गावी गेलो. तिथली खाडी बघून मला अंजूरची खाडी आठवली, गोडाउनं यायच्या आधीची. पांढरं दीपगृह, ओहोटीत कुशीवर कललेल्या होड्या, आणि काठावर लाकडी गलबतं बांधायचा कारखाना. समोरच्या टपरीत चहावाल्याने माझं मराठी ऐकलं आणि विचारलं, "कहाँ से?"

"भिवंडी."

त्याने हातातली किटली खाली ठेवली. "मैंने छे साल लूम चलाया भिवंडी में. रात पाली." आझमगढकडचा माणूस, दाढी पिकलेली. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. बोलता बोलता मी त्याला आईचं सगळं सांगितलं. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं.

तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "बहनजी, अपना वाला सिम निकाला काहे को? घंटी का पैसा थोड़ी लगता है. उठाओ तो लगता है." त्याने शर्टाच्या खिशातून एक जुना फोन काढून दाखवला. त्यात त्याचं हिंदुस्थानी सिम होतं, इंटरनेट बंद करून ठेवलेलं. गावाहून त्याची आई रोज एक घंटी देते. तो उचलत नाही. इथलं सिम असलेल्या दुसऱ्या फोनवरून तोही एक घंटी देतो. "उसका नंबर मैंने अम्मा को पहले ही रटा दिया था. बस. वो समझ जाती है बेटा ज़िंदा है."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. जो मिसकॉल मी आयुष्यभर फुकट वापरला, ज्याच्यावर मी ट्रकच्या ट्रक हलवते, तो परदेशातही फुकटच होता. मी तो बिलाच्या भीतीने डबीत घालून ठेवला होता.

त्याच्या बाकड्यावर बसून मी डबीतलं सिम फोनात घातलं. फोन बराच वेळ शोधत राहिला. नेटवर्क नाही. परदेशात चालायची सोय निघण्याआधी घरूनच सुरू करून घ्यावी लागते, हे तेव्हा कळलं. नजमाच्या फोनचं इंटरनेट घेऊन अॅपमध्ये सुरू करायला गेले तर त्याने ओटीपी मागितला, आणि ओटीपी येणार होता त्याच मुक्या सिमवर. किल्ली आत ठेवून मी दार ओढून घेतलं होतं. चहावाल्याने माझ्या ग्लासात आणखी चहा ओतला.

आठव्या दिवशी परतले. विमान मुंबईला टेकल्या टेकल्या सिम बदललं आणि फोन थरथरायला लागला. मिसकॉलचे मेसेज. पहिल्या दिवशी एकला आणि सहाला, अगदी वेळेवर. मग दुपारभर. मग सकाळपासून. आणि शेवटचे दोन दिवस एकही नाही. ते दोन कोरे दिवस मी यादी वर-खाली करून पुन्हा पुन्हा शोधले.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. आई ओट्यावरच होती, फोन गळ्यात. मी पिशवी खाली ठेवली. तिने माझ्याकडे बघितलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "कोण पायजे, बाय?"

"आय, कुंदा आली ना," वहिनी आतून धावत आली.

"कुंदा घरी न्हाय," आई मला म्हणाली, अगदी सौजन्याने, पाहुण्याला सांगावं तसं. "बस, पानी पी."

मी पाणी प्यायले. आणलेला हलवा दिला, तिने खाल्ला आणि बरा आहे म्हणाली. मी तिच्याशी बोलत राहिले, तिचे पाय दाबले, तिने दाबू दिले. रडू येत होतं, पण तिच्यासमोर परक्या बाईने रडायचं कशासाठी?

सहाला वहिनीने दिवा लावला. मी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. कमरेला खोचलेला फोन एकदाच वाजला आणि थांबला. दोन दिवस गप्प बसलेलं ते बोट दिवा बघून पुन्हा तीनवर गेलं होतं. मी लगेच फोन लावला. आत घुंगरू वाजले.

"कुंदे," आई म्हणाली. "कुठं व्हतीस गो? जेवलीस कं?"

"जेवले, आय."

मग ती हळू आवाजात बोलू लागली, घरातल्या कोणी ऐकू नये म्हणून. "ती बाई आलीय घरी. तुझा फोन बंद हाय बोलायची ना, तीच. पिशवी घेऊन आलीय. माझे पाय दाबले तिनं."

"राहू दे तिला, आय. चांगली आहे ती."

"चांगली हाय," आई म्हणाली. "पन तू ये."

चार महिने झाले. परदेशी निघालेले लोक मला विचारतात, कुठलं सिम घेऊ, स्वस्त काय पडेल. मी सांगते: तिकडचं घ्या, पण आपलं काढू नका, इंटरनेट बंद करा, निघण्याआधी घरूनच परदेशाची सोय चालू करून घ्या, आणि घरी जो कोणी तुमच्या घंटीची वाट बघतो त्याला नवा नंबर आधी ओळखीचा करून द्या. ते पहिलं तेवढं लिहून घेतात. प्रवास घरी आल्यावर संपतो म्हणतात. आईच्या लेखी मी अजून आलेलीच नाही. एकला मी मानकोलीहून फोन करते आणि सहाला मागच्या अंगणातून. बाकीच्या वेळात ती बाई तिला जेवू घालते, वेणी घालते, अंथरूण घालते. एकदा मी बोलता बोलता तशीच आत गेले, फोन कानाला लावून तिच्यासमोर उभी राहिले. तिने माझ्याकडे बघितलं आणि फोनवर हात धरला, परकी बाई ऐकत होती म्हणून. पुन्हा तसं केलं नाही.

काल सहाला तिने विचारलं, "कवा येशील?"

"येते, आय."

आणखी बोलायचं होतं मला. पण तिनेच आवरतं घेतलं.

"ठेव आता," ती म्हणाली. "एवढ्या लांबनं बोलतेस. तुला पैसे पडतील."