मॅडम, तेवढा खांब काढून द्या ना!

आमच्या ऑफिसात संध्याकाळचा चहा आला की पहिला प्रश्न हाच असतो, ‘आज कोणी काय कापलं?’ आणि कोणीतरी काहीतरी कापलेलं असतंच! रागाचं करायचं काय ते कळत नाही, म्हणून त्याचे किस्से होतात. रोज नवा येतो, जुना जात नाही.

बुऱ्हाणपूरच्या जुन्या बाजारातल्या लाकडी घरांची दुकानं करून देणं, हे आमचं काम. मी आर्किटेक्ट, आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र शिरीष स्ट्रक्चर बघतो. ही घरं म्हणजे सागवानाचा सांगाडा. दगडावर उभे खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर वरचा मजला. मधल्या विटांच्या भिंती नुसत्या भरलेल्या. भिंत पाडली तरी घर उभं राहतं, खांब काढला तर राहत नाही.

एवढंच समजावून सांगण्यात माझे केस पांढरे झाले!

* * *

एक चष्मेवाले. घर विकत घेऊन खाली दुकान थाटलेलं.

“मॅडम, तेवढा खांब काढून द्या ना. पेशंटला समोरची अक्षरंच दिसत नाहीत, मध्ये हा येतो.”

“अहो, मग अक्षरांचा बोर्ड हलवा!”

“नाही जमणार. बोर्ड वास्तूप्रमाणे लावलाय.”

मी खांबाकडे पाहिलं, वरच्या मजल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. वास्तूसाठी वास्तू पाडायला निघाला होता माणूस!

* * *

मोबाईलच्या दुकानाचा मालक चटपटीत. त्याच्या घराच्या दर्शनी भागावर अखंड सागवानी कोरीवकाम, वेली, पोपट, सगळं. आम्ही नुसतं साफ करून तेल द्या म्हणून सांगून आलो होतो. मी चार दिवस गावाला गेले. परत येऊन पाहते तर समोर चकचकीत पत्रे, आणि त्या पत्र्यांवर लाकडाच्या रेषा छापलेल्या!

“हे काय केलंस?”

“सागवानी लूक, मॅडम! एकदम प्रीमियम!”

“अरे, मागे खरं सागवान आहे!”

“हां, पण त्याला शाईन नव्हती ना.”

शिरीष मला हाताला धरून बाहेर घेऊन आला. नाहीतर त्या दिवशी एखादा पोपट मी त्याच्या डोक्यात घातला असता!

* * *

हा त्याच्याहून वरचढ. मिठाईवाल्या काकांच्या घराला तुळयांखाली कोरलेले हत्ती होते. एकेका हत्तीच्या सोंडेत कमळ. मी इतक्या विनवण्या केल्या, “काका, हत्ती विकू नका.” काकांनी विकले. कोणत्या तरी दूरच्या शहरातल्या हॉटेलवाल्याने ट्रक भरून नेले. हत्तींच्या जागी लोखंडी अँगल आले.

पुढे काका लग्नाला म्हणून त्या शहरात गेले. तिथून मला व्हॉट्सअॅपवर फोटो. काका हॉटेलच्या लॉबीत उभे, खांद्यावर हत्तीची सोंड, चेहरा कौतुकानं फुललेला. खाली लिहिलं होतं,

“मॅडम, काय काम आहे पाहा! असं काही आपल्याकडे करून देता येईल का?”

मी फोन उचलून भिंतीवर मारणार होते. पण आमच्या ऑफिसची भिंतही जुनी आहे.

* * *

दोघे भाऊ. वडिलांनी घर मधोमध वाटून दिलेलं. थोरल्याच्या बाजूला चपलांचं दुकान, धाकट्याच्या बाजूला स्टेशनरी. मध्ये नवी विटांची भिंत, पण वरची तुळई एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. धाकट्याला पोटमाळा करायचा होता आणि तुळई डोक्याला लागत होती. त्यानं करवत मागवली आणि बरोबर भिंतीपर्यंत कापून काढली. एका इंचानंही थोरल्याच्या हद्दीत गेला नाही!

दुसऱ्या दिवशी थोरल्याचं छप्पर खाली बसलं आणि अर्धवट उघडलेलं शटर तिथंच अडकलं. थोरला आत. आम्ही जॅक आणि टेकू घेऊन पळत गेलो. शिरीष पोटावर सरपटत शटरखालून आत शिरला. आणि हे दोघे शटरच्या अल्याडपल्याड भांडत होते!

“माझ्या बाजूला हात बी लावला नाही, मग हे खाली आलंच कसं?” थोरला आतून.

“अर्धी तुळई माझी होती, मी माझी कापली! काय चुकलं माझं?” धाकटा बाहेरून.

थोरला धडधाकट बाहेर आला, म्हणून मी ओरडायला मोकळी झाले. “वडिलांनी घर वाटलं होतं! वजन नव्हतं वाटलं!”

* * *

एकदा बाहेरगावाहून एक साहेब आले. या घरांची जुनी वास्तू म्हणून नोंद व्हावी, असं मी त्यांना पोटतिडकीनं सांगत होते. साहेबांनी खांबावर टकटक करून पाहिलं.

“पण मॅडम, ये तो लकडी है. इमारत म्हणजे दगडाची. हे तर फर्निचर झालं!”

* * *

आणि हे कापडाच्या शोरूमचे शेठ. वर ब्रायडल सेक्शन करायचा, त्यासाठी रुंद जिना हवा, आणि जिन्याच्या आड तुळई. शिरीष म्हणाला, “आधी दोन्ही बाजूंनी लोखंडाचा आधार देऊ, मग कापू. तोवर दुकान बंद ठेवा.”

“लगीनसराईत दुकान बंद? नंतर पाहू,” शेठ म्हणाले. आणि दुसऱ्याच कोणाला तरी बोलावून तुळई कापून घेतली.

त्यांच्याकडे साड्या दाखवायला असते ती सविता, जसोंडीहून रोज बसनं येते. तिचा फोन आला. “ताई, वरतून माती पडू राहिली साड्यांवर.”

मी तशीच गेले. वर पाहिलं. कापलेलं टोक नुसतं लोंबत होतं, आणि त्याच्या शेजारच्या लाकडाला हात जाईल एवढी भेग. बरोबर त्याखाली सविता आणि आणखी दोघी साड्यांच्या घड्या घालत बसलेल्या. तिथं पूर्वी शेठची गादी असायची. आता गादी दाराशी होती.

“शेठ, गादी हलवली?”

“दारात हवा चांगली येते, मॅडम.”

“उठा गं तिघी!” मी म्हटलं. त्यांनी शेठकडे पाहिलं.

“काही होत नाही, बसा,” शेठ म्हणाले. “मॅडमला सगळीकडे खतराच दिसतो.”

त्या बसल्या. त्यांचा पगार शेठ देतात, मी नाही. माझ्या अंगाची नुसती आग झाली. मग मीही जाऊन त्यांच्या मधोमध बसले.

“शेठ, चहा मागवा. आणि मला इथं आणून द्या, तुमच्या हातानं.”

चहा आला. शेठ कपबशी घेऊन निघाले, आणि बैठकीच्या काठाशी येऊन थांबले. पाय तिथंच, हात जेवढा पुढे जाईल तेवढा लांब केलेला. चहा हिंदकळून बशीत सांडत होता.

“मॅडम, जरा इकडं येऊन घ्या ना.”

सवितानं शेठच्या पायांकडे पाहिलं. मग मान वर करून पाहिलं. हातातली साडी खाली ठेवली आणि आपला जेवणाचा डबा उचलला.

“चला गं,” ती म्हणाली.