ते ओझं कैलासचं नव्हतं

त्या वर्षी आमची कंपनी सरहद्दीवरच्या एका उंच पोस्टवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. घर देवासचं. माझ्या सेक्शनमधला लान्स नायक कैलास धार जिल्ह्यातल्या डहीचा. काम ठरलेलं. पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज, सातला चहा, मग खालून रेशन आणि केरोसीनचे जेरीकॅन पाठीवर वर आणायचे. अकरा वर्षं मी अशी ओझी वाहिली होती. कंबर धरली की मलम चोळून निघायचो.

एका सकाळी आठ वीसला आमच्या गस्तीच्या तुकडीवर दरड आली. कैलासची मांडी मोडली. रक्त थांबेना. मी वायरलेस उचलला.

"वन कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर."

"ऊपर बादल है. नीचे हेलिपॅड पर लाओ. ओव्हर."

वाट अरुंद, स्ट्रेचर वळेना. आम्ही चौघांनी आळीपाळीने त्याला पाठीवर घेतलं. शेवटची पाळी माझी.

"उस्ताद, उतार दो. चल लूँगा."

"चुप बैस."

शेवटच्या वळणावर माझ्या कमरेतून डाव्या टाचेपर्यंत कळ गेली. गुडघा दुमडला. दुसऱ्याने त्याला उचललं, मी मागून रांगत आलो. नऊ पन्नासला पोहोचलो. दहा पाचला कैलास गेला. हेलिकॉप्टर दहा वीसला उतरलं.

हॉस्पिटलमध्ये मेजर मॅडमनी एमआरआयची फिल्म दाखवली. "मणक्यांमधल्या या गाद्या. निरोगी गादी पांढरी दिसते, सुकलेली काळी. तुमच्या तीन काळ्या आहेत. त्या दिवशी एक सरकली आणि शीर दाबली गेली. पण झीज कित्येक वर्षांची."

"आता पडून राहायचं?"

"नाही. चालायचं. पोटाचे, पाठीचे स्नायू घट्ट करायचे. रोज."

मी ती ऑर्डर मानली. पहिल्या दिवशी चाळीस पावलं. सहा महिन्यांनी चार किलोमीटर. आज पीथमपूरच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. शिफ्टच्या बसमध्ये दर अर्ध्या तासाला उभा राहतो. लोक बघतात, बघू देत.

रिटायर झाल्यावर डहीला गेलो. कैलासचे वडील माझ्या नजरेला नजर देत नव्हते. शेवटी म्हणाले, "मेरे छोरे के बोझ से आपकी कमर गई, साब."

मी पिशवीतून एमआरआयची फिल्म काढून उन्हात धरली. काळ्या गाद्या दाखवल्या. म्हातारबांनी बोटाने एकेक मोजली.

"ये सब पहले का?"

"पहले का, बाबा. कैलास का नहीं."

त्यांनी फिल्म नीट गुंडाळून परत दिली आणि माझ्याशेजारी खाटेवर बसले. मग सांगू लागले. कैलासला नर्मदेवर मासे धरायला नेलं, की तो इतका बोलायचा की एक मासा जवळ येत नसे. सांगताना ते हसले. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं कैलासबद्दलच बोलत होतो.