छप्पर काढून दाखवा

आमच्या खात्याच्या मते घर खालून वर बांधतात. आधी जोतं, मग भिंती, मग छप्पर, आणि शेवटी दारात हात जोडून उभा असलेला लाभार्थी. प्रत्येक टप्प्याचा फोटो मोबाइलच्या अ‍ॅपवर चढवायचा, वर बसलेल्या कुणीतरी तो मंजूर करायचा, की मग पुढचा टप्पा उघडतो. टप्पा चुकला की घर अडकतं. अडकलेलं घर फार दिवस अडकून राहिलं की रद्द होतं, आणि ते कुणाचं होतं हे विचारायची सोय अ‍ॅपमध्ये नाही.

मी या खात्यात जिल्हा पातळीवर गृहनिर्माण धोरण पाहते. म्हणजे धोरण दिल्लीत ठरतं, मुंबईत बदलतं आणि नंदुरबारला मी ते पाहते. नेमणूक कंत्राटी. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसवतात आणि पुन्हा अकरा महिन्यांवर घेतात, म्हणजे मी कायम आहे असा माझा स्वतःचाच गैरसमज होऊ नये. बारा-तेरा वर्षं हा गैरसमज टाळण्यात गेली.

मध्यंतरी शहाद्याच्या एका कॉलेजात ‘गृहनिर्माण क्षेत्रातील करिअरच्या संधी’ या विषयावर मला बोलावलं होतं. मी मुलांना खरं तेच सांगितलं. म्हटलं, या क्षेत्राला मरण नाही. जोवर माणसं बेघर आहेत तोवर आपल्याला काम आहे, आणि आपल्या कामाचा वेग पाहता माणसं बरीच वर्षं बेघर राहतील अशी खातरी बाळगा. आता फोटो तपासायला यंत्र येतंय म्हणतात, तेव्हा मंजुरी देणारी माणसं जातील. पण डोंगर चढून फोटो काढणारी राहतील, कारण यंत्राला चढ झेपत नाही. टाळ्या झाल्या. प्राचार्यांनी नारळ दिला आणि आभार मानताना माझा उल्लेख ‘स्पष्टवक्त्या’ असा केला. आपल्याकडे हे कौतुक नसतं.

मी स्वतः भाड्याने राहते. वडील पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात होते. ते निवृत्त झाले त्या महिन्यात क्वार्टर खाली करावं लागलं, आणि तेव्हापासून आमचं कुटुंब ‘तात्पुरत्या’ जागेत आहे. घरमालकीण दर दिवाळीला न चुकता विचारतात, “तुमी तं लोकेसले घरं वाटतस, मंग सोताले एखादं का बरं घेत नही?” मी हसते. त्याही हसतात, आणि भाडं वाढवतात.

तर घर खालून वर बांधतात. हे तोरणमाळच्या पलीकडच्या एका पाड्यावर कुणाला माहीतच नव्हतं.

त्या पाड्यावरच्या एका विधवा बाईचं घर मंजूर झालं होतं. वय साठीच्या आसपास, शेळ्या, कोंबड्या आणि उतारावरची थोडी मक्याची शेती. मुलगा-सून दर वर्षी दिवाळीनंतर गुजरातला ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. जवळजवळ सगळा पाडाच जातो. मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि जनावरं. मंजुरी हातात पडल्यावर बाईंनी जुनं घर उतरवलं, त्यातले चांगले खांब आणि वासे बाजूला काढले आणि पाड्याला लाहा दिला. लाहा म्हणजे सगळ्या पाड्याने एक दिवस एकाच्या कामाला यायचं. मजुरी नाही. ज्याचं काम त्याने जेवण द्यायचं, आणि जेवला तो हात लावल्याशिवाय घरी जात नाही. उद्या दुसऱ्याच्या कामाला यानेही जायचं.

लाह्यात त्यांनी छप्पर उभं केलं. खांब पुरले, आढं चढवलं, वासे बांधले, कौलं घातली. खाली जमीन तशीच, भिंतींच्या जागी वारा. आमच्या अभियंत्याने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मला मात्र त्यात चूक दिसेना. छप्पर चढवायला पाडा लागतो आणि पाडा दिवाळीनंतर नसतो. कुडाच्या भिंती एकटी बाई हिवाळाभर सावकाश विणू शकते, लिंपू शकते, आणि डोक्यावर कौलं असली की ओलं लिंपण पावसाने वाहूनही जात नाही. डोंगरात सगळे असंच बांधतात. अ‍ॅप बनवणाऱ्याला कुणी लाह्याला बोलावलं नव्हतं, एवढाच काय तो घोळ.

बाईंनी छपराखाली दगडमातीचं नीट जोतं घातलं. अभियंत्याने फोटो चढवला. वरून उत्तर आलं: ‘जोत्याच्या छायाचित्रात छप्पर दिसते. बाब संशयास्पद.’ घराच्या योजनेत घरावर छप्पर दिसलं म्हणून घर संशयित ठरलं. मी खुलासा पाठवला. पाड्याची रीत, स्थलांतर, हवामान असं सगळं मुद्देसूद लिहून वर ‘छप्पर प्रथम’ अशा पर्यायी क्रमाचा प्रस्तावही जोडला. उत्तर फार सभ्य होतं. सूचना नावीन्यपूर्ण असून तिची नोंद घेतली आहे, म्हणे. आमच्याकडे सूचनेचं दफन या शब्दांत होतं.

मग ऑनलाइन बैठक झाली. जिल्ह्याची अडकलेली घरं पडद्यावर लाल रंगात आली आणि आमच्या एका वरिष्ठांनी या घरावर थांबून विचारलं, हे का अडकलंय? मी सांगायला लागले तर माझा आवाज बंद होता. चालू करेपर्यंत त्यांनीच तोडगा काढला होता. “छप्पर काढून दाखवा. फोटो घ्या. परत लावा. त्यात काय एवढं?” सगळ्या चौकटींतल्या माना हलल्या. मी म्हटलं, सर, ते घर आहे, टोपी नव्हे. तेवढ्यात पुढच्या जिल्ह्याचा नंबर लागला होता.

पाड्यावर हा निरोप ग्रामसेवकाने पोचवला. मला कळलं तेव्हा मी अभियंत्याला घेऊन जीपमध्ये बसले, म्हटलं थांबवते हा मूर्खपणा. घाटात ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, सरकारनी सांगं ना, मंग त्या लोके छप्पर काढतीनच. तुमले तठे जाईसन काय भेटाव शे?” मी त्याला गाडी चालवायला सांगितलं.

पोचले तोवर कौलं खाली आली होती. पाड्याने आदेश ऐकला होता आणि आदेशासाठीही लाहाच दिला होता. माणसं आनंदाने छपरावर चढून एकेक कौल हातोहात खाली देत होती. सरकारला घर उघडं पाहायचं असतं, असेल काही त्यांचा विधी, अशा समजुतीने सगळं चाललं होतं. चुलीवर उडदाची दाळ शिजत होती. बाईंनी आम्हालाही मक्याची भाकर वाढली. बाईंना मराठी बेताची, मला पावरी त्याहून बेताची, मध्ये ग्रामसेवक. मी त्याला म्हटलं, यांना विचार, राग नाही का आला? त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, राग कशाला, तुमचं काम होऊ दे. मी दाळ घशाखाली लोटली. लाज वाटत होती.

वासे उतरले, वर मोकळं आकाश दिसलं, अभियंत्याने जोत्याचा फोटो काढला. आता सगळं परत चढवायचं, आणि भरपूर दिवस शिल्लक होता. माणसांनी वासे भराभर बांधून काढले. आणि तेवढ्यात खालच्या वाटेवर ट्रकचा हॉर्न वाजला.

मुकादम ऊसतोडीला न्यायला आला होता, सांगितल्यापेक्षा आधी. मी स्वतः उतरून त्याच्याशी बोलले, ओळखपत्र दाखवलं. त्याने ते वाचलं, म्हणाला, “ताई, कारखाना तुमना नही ना शे,” आणि पुन्हा हॉर्न दाबला. माझ्या कारकिर्दीचं इतकं नेमकं मूल्यमापन कुठल्याच गोपनीय अहवालात झालेलं नाही. माणसं छपरावरून उतरली, बोचकी घेतली. बाईंचा मुलगा आईसमोर नुसता उभा राहिला. सून रडत होती. बाईंनीच त्यांना पुढे ढकललं. ट्रक गेला.

मागे उरलं ते असं: वाशांचा उघडा सांगाडा, जोत्याशी रचलेली कौलं, पाड्यावरचे काही म्हातारे, दोन-तीन बाया, शेळ्या, आणि आम्ही. जुनं घर आधीच उतरवलेलं. बाईंना आत जायला आत असं काही राहिलंच नव्हतं. मक्याची कणसं उघड्यावर होती, आणि तोरणमाळच्या अंगाला आभाळ काळं व्हायला लागलं होतं. त्या वर्षी अवकाळीने खालच्या गावांत आधीच पपई आडवी केली होती.

अभियंता हळूच म्हणाला, मॅडम, निघायला हवं, घाट निसरडा होतो. ग्रामसेवकाने मान हलवली. मीही, खरं सांगते, जीपकडे पाहिलं.

तेव्हा बाई काहीतरी बोलल्या. मी ग्रामसेवकाला म्हटलं, सांग ना. तो चाचरत म्हणाला, “त्या म्हणतात, तुम्ही जेवलात.”

पुढे त्याने काही सांगायची गरज नव्हती. लाह्यात जेवला तो हात लावल्याशिवाय जात नाही. त्यांच्या लेखी आम्ही काही तपासणीला आलेलो नव्हतो.

मग धोरण अधिकारी, अभियंता, ग्रामसेवक आणि ड्रायव्हर असे सगळे कामाला लागलो. दोन म्हातारे वर चढले. आम्ही खाली रांग केली आणि कौल हातातून हातात जाऊ लागलं. गृहनिर्माणात इतकी वर्षं काढून मी पहिल्यांदाच घराचा एखादा भाग हातात धरला होता. कौल भारी खरखरीत असतं, हे आमच्या मार्गदर्शक सूचनांत नाही. अभियंत्याच्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली. ड्रायव्हर शिडीवर चढला आणि वरून ओरडला, “मॅडम, जरा दम धरा, एक मन्हा डोकावर पडी ऱ्हायनं!” बाया हसल्या. बाई आमच्या मागे उभ्या राहून चुकीचं धरलेलं कौल काढून घेत आणि पुन्हा नीट हातात देत होत्या. कौतुक नाही, राग नाही. कामाला आलेल्या कुठल्याही अडाण्याला द्यावं तसं.

शेवटच्या ओळी राहिल्या असताना थेंब सुरू झाले. आढ्यावरची कौलं म्हाताऱ्याने भर पावसात बसवली. आणि मग आम्ही सगळे त्याच छपराखाली उभे राहिलो, भिंती नसलेल्या घरात, शेळ्यांसकट. कणसं कोरडी होती. जोत्यावर एकही थेंब नव्हता. मला इतका आनंद झाला की तो लपवायचंही सुचलं नाही.

आता निकाल. जोत्याचा फोटो मंजूर झाला. महिनाभराने बाईंनी भिंती लिंपल्या, त्यांचा फोटोही मंजूर झाला. छपराचा फोटो मात्र अडकला, कारण तपासणाऱ्याला जुन्या अडकलेल्या फोटोत तेच छप्पर सापडलं. शेरा: ‘छप्पर पूर्वीच अस्तित्वात असल्याचे दिसते. जुने घर असण्याची शक्यता.’ मी त्यावर लिहितेच आहे. दर महिन्याला लिहिते. सूचनांची नोंद घेतली जाते. माझ्या जिल्ह्याच्या पडद्यावर ते एक घर अजून लाल आहे, आणि पुढच्या अकरा महिन्यांचं माझं काय, हे विचारलं की साहेब आधी त्या लालकडे बोट दाखवतात.

होळीनंतर मी वर गेले होते. दार बसवलेलं होतं, भिंतींवर पांढऱ्या मातीचा हात फिरला होता, आत चूल पेटलेली होती. मी बाईंना म्हटलं, सरकारच्या लेखी तुमचं घर अजून झालेलं नाही. ग्रामसेवकाने ते सांगितलं. त्यांनी एकदा छपराकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्या विषयावर काही बोलण्याची तसदी घेतली नाही. त्याऐवजी त्यांनी विचारलं, तुझं घर कुठं आहे? ग्रामसेवकाने त्याचं ‘तुमचं’ केलं, पण मला मूळचं ऐकू आलं होतं.

मी म्हटलं, मला घर नाही. भाड्याने राहते.

बाईंना वाटलं ग्रामसेवकाने काहीतरी चुकीचं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. मग त्या उठून बाहेर गेल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्याला, त्या आढ्यावर भिजलेल्या म्हाताऱ्याला, बोलावून आणलं. दोघं बराच वेळ आपसात बोलत राहिले. मला वाटलं, झालं, आता ही माझी कीव करणार.

ग्रामसेवक म्हणाला, “मॅडम, त्या म्हणतात, तुम्ही त्यांच्या छपराला आलात. पाड्याकडे तुमचा एक दिवस बाकी आहे. घर बांधायला काढाल तेव्हा निरोप द्या, सगळे येतील.”

इतक्या वर्षांत मला घराबद्दल लोकांनी टोमणे मारले, सल्ले दिले, कर्जाची माहिती दिली. बांधायला येतो असं कुणी म्हटलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, अजून जागा कुठे आहे.

बाईंनी ते ऐकून घेतलं. जागेचं जागेवर बघता येईल असा हात केला, आणि म्हणाल्या, “पण दिवाळीच्या आत सांग. नंतर पाडा नसतो.”