‘या’ की ‘येते’

मुलाच्या परदेशातल्या शहरात जमिनीखाली गोल फिरणारी गाडी आहे. काल मी आत चढलो आणि दार मिटलं. बायको फलाटावरच एका खांबापाशी राहिली. तिचा फोन माझ्या पिशवीत होता. काचेपलीकडे तिचे ओठ हलले. ती ‘या’ म्हणाली की ‘येते’, ते कळलं नाही.

‘या’ असेल तर ती तिथंच थांबणार आणि गाडी मला फिरवून तिच्यापाशी आणणार. ‘येते’ असेल तर ती मागून येणाऱ्या गाडीत बसणार. काळोख्या बोगद्यात मी हिशेब करत राहिलो: वर्तुळावर दोघं एकाच दिशेनं, सारख्याच वेगानं निघाली, तर जन्मभर भेट नाही. संसारातही असं होत असेल आणि काचेत आपलाच चेहरा दिसत असल्यानं कळत नसेल.

फेरी पुरी होऊन तोच फलाट आला. ती त्याच खांबाला धरून उभी होती.

“‘येते’ म्हणालीस का गं?”

“अहो, ‘या’ म्हटलं! निघणाऱ्याला दुसरं काय म्हणतात?”

वर उजेडात आलो तेव्हा तिच्या पदराचं टोक माझ्या मुठीत होतं.