छावणीतली चूल

घर कुठे, असे कुणी विचारले तर मी आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावाचे नाव सांगतो. राहतो तिथेच, मतदानही तिथेच करतो. उत्तर बरोबर असते. पण देताना डोळ्यांसमोर येतो तो कोरड्या तलावाच्या काठचा एक मुरमाड माळ. एका दुष्काळात जनावरांच्या छावणीत आम्ही तिथे राहिलो होतो.

छावणी एका सहकारी संस्थेने चालवली होती. कारखान्याला जायचा तो ऊस चाऱ्याला येई, पाणी टँकरने. जनावरे तिकडे पाठवून माणसांनी गावात राहावे, हे वडिलांना मान्य नव्हते. म्हणून बैलजोडी आणि एक गाय घेऊन आम्ही चौघे गेलो. वडील, आई, मी आणि माझी पत्नी. आमच्या लग्नाला वर्ष झाले नव्हते. जागा कुणी वाटून दिल्या नव्हत्या, तरी गल्लीत ज्या क्रमाने घरे, त्याच क्रमाने तिथे दावणी लागल्या. शेजारचे चुलते तिथेही शेजारीच आले. मधल्या भिंतीवरून आमचे त्यांच्याशी भांडण होते. तिथे भिंत नव्हती. भांडण मात्र त्यांनी सोबत आणले.

पत्नी नगरकडची. तिच्या माहेरी पाटाचे पाणी. पाऊस पडेपर्यंत लेकीला घेऊन जातो, रविवारी येतो, असा तिच्या वडिलांचा निरोप आला. आईला ते पटले. परक्याची लेक उन्हात बसवून ठेवल्याची तिला लाज वाटत होती. पत्नीने जाऊ नये, असे मला वाटत होते. बारमाही हिरव्या गावात परतलेली मुलगी पुन्हा या मुरमावर येईल, याची मला खात्री नव्हती. पण तसे बोलून दाखवण्याची आमच्यात रीत नव्हती.

शनिवारी ती तलावाच्या पात्रातून गाळाची माती घेऊन आली. त्यात शेण आणि उसाचे बारीक पाचट घातले. पाणी कुठले, हा प्रश्न होता. टँकरच्या पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. दूध सोसायटीचा माणूस सकाळी कॅन विसळून पाणी मुरमावर ओतत असे. तिने त्याच्यापुढे घागर धरली. ते पांढरट पाणी आणून ती माती मळायला बसली.

आईने पालाच्या तोंडाशी येऊन पाहिले. "हे काय मांडलंय गं?"

"चूल घालते, आत्याबाई."

"तीन धोंडं हायेत की. छावनीत कुनी चूल घालतं व्हय? चूल घातली की मुक्काम वाढतो. पाऊस फिरकायचा न्हाई हितं."

"अन् नाही घातली तर उद्या येतो का पाऊस?"

शेजारच्या दावणीवरून चुलते वडिलांना म्हणाले, "सून लई तिखट गावली रं तुला." त्या दुष्काळात ते आमच्याशी प्रथमच बोलले. वडिलांनी तंबाखूची चंची त्यांच्याकडे सरकवली.

आई चिडली होती. "घाल बाई. दुधानं लिंप, पाटलीण हायेस. उद्या बाप आला की घे डोक्यावर आन जा माहेरी."

पत्नी मळत राहिली. संध्याकाळपर्यंत चूल उभी राहिली. तिला आंबूस वास येत होता.

रविवारी सासरे आले. एका पिशवीत मेथी आणि वांगी होती. दुसरी पिशवी रिकामी होती. ती कशासाठी आणली आहे, हे सर्वांना कळत होते. वडिलांनी "या पाव्हणं" म्हणून घोंगडी टाकली. पत्नीने जुन्या तीन धोंड्यांवर चहा ठेवला. सासऱ्यांची नजर बाजूच्या चुलीवर गेली.

"ही कुणी घातली?"

"तुमच्याच लेकीनं," आई म्हणाली. "आमचं कोन ऐकतंय?"

सासरे उठले. चुलीच्या बाजूला त्यांनी तळहात लावून पाहिला. "ओली आहे अजून."

"हो," पत्नी म्हणाली.

"वाळायला चार-सहा दिवस जातील."

"जाऊ द्या की, दादा."

सासरे घोंगडीवर परत आले. मग बसून त्यांनी चहा घेतला, वडिलांशी उसाच्या भावाबद्दल बोलले आणि परतीच्या एसटीसाठी निघाले. रिकामी पिशवी त्यांनी घडी घालून घोंगडीवरच ठेवली. मी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो. वाटेत ते एकदाच बोलले. "तिला पालक आवडतो. तुमच्याकडं पाणी आलं की लावा." मी हो म्हटले.

आठवडाभराने चूल पेटली. त्या चुलीवरची भाकरी आई कुरकुर न करता खात असे.

पाऊस लांबला. आईने त्याचा दोष चुलीला दिला नाही. अखेर तो झाला आणि छावणी उठली. लोकांनी पाले सोडली, धोंडे जागेवर टाकले. आमची बैलगाडी भरून झाल्यावर आईने तिच्यात पोते अंथरले आणि खुरप्याने चूल बुडापासून सोडवू लागली.

"आत्याबाई, घरी चूल आहे की," पत्नी म्हणाली.

"असू दी. धर खालून."

दोघींनी ती गाडीत ठेवली. खडकाळ रस्त्याने चूल वाटेतच फुटली. आईने तुकडे फेकू दिले नाहीत. दिवाळीपूर्वी घरची चूल नव्याने घातली, तेव्हा ते भिजवून त्याच मातीत मळले. परसात मी पालक लावला.

पुढे गॅस आला. चूल परसात गेली, अंघोळीच्या पाण्यापुरती. आता वडील नाहीत, आई नाही, पत्नीही नाही. मुलगा बीडला असतो. तुम्ही एकटे कशाला तिथे, इकडे या, असे तो दर वेळी म्हणतो. त्याचे चुकत नाही. चुलीला दर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि ती लिंपावी लागते. ते काम मी करतो. मळताना मातीत थोडे दूध घालतो.

परवा मुलगा गाडी घेऊन आला. माझे कपडे भरायला त्याने बॅग आणली होती. त्याला मी चहा दिला आणि परसात नेऊन चूल दाखवली.

"ओली आहे अजून," मी म्हणालो.