गुलाबी बॉलला लागलेली बाही

झोप लागली आहे की नाही, हे मला नीट कळत नाही. खेळाडूंच्या खोलीत तीन खुर्च्या जोडून मी भर दुपारी आडवी झाले आहे, बुटांसकट. स्नूकर स्पर्धेच्या हॉलमधली लाईट गेली आहे. रेफरीने बॉल होते तसेच ठेवून टेबलावर कापड टाकलं आहे आणि जनरेटरवाल्याला शोधायला माणसं धावताहेत. शेवटची फ्रेम, म्हणजे शेवटचा डाव, चार-चार बरोबरी, आणि पाळी माझी. जिंकले तर रँकिंगच्या पहिल्या सोळांत. हरले तर पुढच्या वर्षी परत पात्रता फेरीपासून.

पण डोक्यात तो गुलाबी बॉल ठाण मांडून बसला आहे. लाईट जायच्या क्षणभर आधी मी लाल बॉल पॉकेटमध्ये घातला, तेव्हा शर्टाची बाही गुलाबीला लागली का? लागली असेल तर फाऊल. समोरच्या मुलीला सहा गुण, आणि पाळीही तिची. रेफरी पलीकडे होता, त्याला काही दिसलं नाही. मला वाटतं, लागली. मग वाटतं, छे, कुठे लागली. पुढचा शॉट खेळेपर्यंत सांगता येतं; एकदा खेळला की विषय संपला.

पंखा बंद आहे, तरी कुठेतरी वर्तमानपत्र फडफडतं. गरम लोकरीचा वास येतो. मान वळवून बघते तर हिंदुरावकाका टेबलाला इस्त्री करताहेत.

हिंदुरावकाका म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या क्लबचे मार्कर. गुण मांडायचे, टेबलाची निगा राखायची आणि कुणी ऐकणारं भेटलंच तर खेळ शिकवायचा, हे त्यांचं काम. मी ऐकणारी होते. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. खरं तर मला घाबरायला हवं, पण मला भलतंच कुतूहल वाटतं. मेलेल्या माणसाला इस्त्री कशाला लागते?

"काका, अजून इस्त्री?"

"मग? कापड दमट हुतंय की हितलं."

इस्त्री आधी वर्तमानपत्रावर टेकवून ते कागद पिवळा पडतो का बघतात. मग ती काळ्या बॉलच्या टोकाकडे नेतात, एकाच दिशेने. उलटी कधीच नाही.

टेबल एसटी स्टँडवर आहे. प्रवासी त्याला वळसा घालून गाडीकडे जाताहेत. एक बाई त्यावर जेवणाचा डबा टेकवते, तसे काका ओरडतात, "ओ ताई, कापड हाय त्ये!" बाई मुकाट्याने डबा उचलते. मला हसू येतं, आणि हसता हसता जिल्ह्याची फायनल आठवते.

मी सोळा वर्षांची होते आणि हेच काका रेफरी होते. मी निळा बॉल घातला, सामना जवळजवळ माझा झाला, आणि काका म्हणाले, "फाऊल." माझ्या स्वेटरची बाही गुलाबीला लागली होती. हॉलमध्ये कुणालाही दिसली नव्हती. मी हरले, आणि त्या दिवसापासून काकांशी बोलले नाही.

"काका, त्या दिवशी तुम्ही टेबलाच्या पलीकडे होतात. तुम्हाला बाही दिसली कशी?"

"न्हाई दिसली."

"मग?"

"मग काय? थांब जरा, इस्त्री गार हुतीय."

आम्ही त्यांच्या घरात आहोत. हे घर मी कधी पाहिलेलं नाही. दहा बाय दहाची खोली, आणि त्यात बारा फुटी टेबल आरामात मावलं आहे. भिंतीला लागून कॉट, उशाशी औषधाच्या बाटल्या.

"शेवटी हितंच पडून हुतो," काका म्हणतात. "ये म्हनून निरोप धाडला हुता तुला."

"मी आले नाही."

"ठावं हाय. मेलोय मी, इसरलो न्हाई." आणि खोकत खोकत हसतात.

मला रडू फुटतं. "चुकलं माझं, काका."

"बरं. डोळं पूस, कापडावर पानी पडंल. आता ऐक. शॉट मारला की खेळनारा बॉलकडं बघतोय. पडला का, पांढरा कुठं थांबला. तू त्या दिवशी बॉलकडं बघितलंच न्हाईस. मान वर केलीस ती सरळ माझ्याकडं."

"एवढ्यावरून फाऊल दिलात?"

"दिला. चुकीचा हुता?"

"नाही." हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

काका इस्त्री उभी करून ठेवतात. "आनि आज? आज आदी कुनाकडं बघितलंस?"

ते माझं उजवं मनगट धरतात. इस्त्रीमुळे त्यांचा हात उबदार आहे. खिशातून क्यूच्या काठीला लावायचा चॉक काढून ते माझ्या बाहीवर एक रेघ ओढतात. "हितं," ते म्हणतात.

"मॅडम, लाईट आली. चला."

दारात संयोजकांपैकी एक बाई उभ्या आहेत. मी धडपडत उठते, एक खुर्ची आडवी होते. पांढऱ्या बाहीवर, मनगटाच्या खालच्या बाजूला, बोटभर लांबीची हिरवी रेघ आहे. माझा चॉक निळा. या स्पर्धेत सगळ्यांचाच निळा आहे. हिरवा आमच्या क्लबात असायचा.

हॉलमध्ये रेफरी कापड उचलतो. मी क्यू हातात घेत नाही.

"सर, लाईट जायच्या आधीच्या शॉटला माझी बाही गुलाबीला लागली."

तो बॉलकडे बघतो, मग माझ्याकडे. "फाऊल. सहा."

समोरची मुलगी उठते. मी खुर्चीत बसते आणि बाहीवरची रेघ अंगठ्याने पुसून बघते. थोडी अंगठ्यावर येते, थोडी कापडावर राहते.