घुमाऱ्याचा डबा

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. मुलांना नाही, ज्या दोस्तांबरोबर उभी हयात काढली त्यांनाही नाही. तुमच्याजवळ बोलतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं कारण नाही. आणि सुरुवात कुठून करू तेही कळत नाही. डब्यापासून करतो – डब्याबद्दल बोलणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात. मी शिरपूरचा, घरची जमीन बरी, वाशीमच्या कॉलेजात नावापुरता शिकत होतो. प्रल्हाद इंझोरीचा. त्याच्या घरानं बौद्ध धम्म घेतलेला, बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा, आणि घराण्यात कॉलेजात पोचलेला तो पहिलाच. सायन्सला होता. आम्ही दोघं एकाच ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो – म्हणजे गिटार एकच होती, विजेवरची, आमच्या मालकांनी नागपूरहून आणलेली. मालक म्हणजे दिगंबरभाऊ, मंडप आणि लाऊडस्पीकरवाले. गिटार एक आणि वाजवणारे दोन. आलं ना लक्षात?

प्रल्हादनं तो डबा केला होता. पत्र्याचा, विटेपेक्षा थोडा मोठा, वर दोन बटनं आणि पायानं दाबायचा एक खटका. जुन्या रेडिओंचे भाग त्यानं आठवडी बाजारातल्या भंगारातून वेचून आणले होते. गिटारची वायर डब्यात, डब्याची वायर लाऊडस्पीकरच्या मशीनीत. एक बटन फिरवलं की सूर थरथरायला लागायचा, दिव्याची ज्योत वाऱ्यानं हलते तसा. दुसऱ्यानं तो घुमायचा, जसं कुणी खोल विहिरीच्या काठावर बसून वाजवतंय. आत दोन बारीक स्प्रिंगा ताणलेल्या होत्या. सूर त्यांतून फिरून मागाहून बाहेर यायचा. विलायतेत असं यंत्र मिळतं, एवढंच कुठल्याशा मासिकात वाचून त्यानं हे जमवलं होतं. आम्ही त्याला घुमाऱ्याचा डबा म्हणायचो.

डबा त्यानं मला उघडून दाखवला होता. मी मागितलंही नव्हतं. स्प्रिंगांच्या खाली सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा दाबून बसवलेला होता. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे पाह्य गड्या. हे रबर निघालं का स्प्रिंगा पत्र्याले भिडतात. मंग समदं गेलं."

काहून दाखवलं त्यानं मला?

खरं सांगू? तो माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा. हे मी आज पहिल्यांदा म्हणतोय. डब्यातून सूर घुमायला लागला की वाजवणाऱ्याला थांबावं लागतं – मागचा सूर विरू द्यावा लागतो. मला थांबता यायचं नाही. मी एकावर एक सूर ओतायचो आणि सगळ्याचा चिखल व्हायचा. प्रल्हाद एक सूर छेडायचा आणि गप्प बसायचा. नुसता बसायचा! लोक त्या गप्प बसण्याला माना डोलवायचे. मला ते सहन होत नव्हतं. त्यातून तो 'त्यांच्यातला' – हेही माझ्या मनात होतं. नव्हतं म्हटलं तर हे सगळं सांगणंच खोटं ठरेल. एका ताटात जेवायचो आम्ही. तरीही होतं.

मग अकोल्याचे एक मास्तर आले. त्यांचा ऑर्केस्ट्रा मोठा, पार इंदूर-जबलपूरपर्यंत दौरे. त्यांना गिटारवाला हवा होता. दिगंबरभाऊंच्या मंडपाच्या गोदामात भर दुपारी ऐकणं ठरलं. दोघांनी एकच संथ चाल वाजवायची, साथीला ढोलक. आधी मी वाजवलं, प्रल्हादच्याच डब्यावर. बरं झालं. बरंच म्हणायचं. मास्तर म्हणाले, "ठीक." तेवढ्यात चहा आला आणि सगळे बाहेरच्या लिंबाखाली गेले.

मी गेलो नाही.

तळाचा पत्रा दोन स्क्रूवर होता. दोन्ही सावकाश सोडवले. ट्यूबचा तुकडा काढला, खिशात टाकला, पत्रा बसवला आणि बाहेर जाऊन चहा प्यालो. प्रल्हादनं मला आपल्या बशीतली दोन बिस्किटं दिली. मी खाल्ली.

तो वाजवायला बसला. पहिला सूर सुंदर निघाला. मग ढोलक सुरू झाली आणि तिच्या प्रत्येक थापेसरशी डब्यातून भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज – खण्ण, खडड्. प्रल्हाद दचकला. पण लगेच वाकून त्यानं घुमाऱ्याचं बटन पार बंद केलं आणि कोरडीच गिटार वाजवू लागला. घुमारा नाही, थरथर नाही, नुसती तार. आणि – ऐका – ते त्याहून सुंदर होतं. मास्तरांनी डोळे मिटले. मला कळलं की डबा मोडूनही मी हरतोय.

म्हणून मी हसलो. मोठ्यानं. आणि म्हणालो, "भंगारातून आणलं ते भंगारासारखंच वाजन ना!"

गोदामात बाकी सगळे 'आमच्यातले'च होते. भंगार कशाला म्हटलं आणि कुणाला म्हटलं, हे सगळ्यांना कळलं. ढोलकवाला हसला, मग बाकीचे. प्रल्हादचा हात तारांवर थांबला. या वेळचं थांबणं वेगळं होतं.

त्यानं डबा उलटा करून उघडला. दिगंबरभाऊंनी विचारलं, "काय झालं रे?" तो आत बघत राहिला. मग मान वर करून त्यानं माझ्याकडे पाहिलं. घटकाभरापूर्वी मी त्याच डब्यावर नीट वाजवलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं का?

"रबर नाही," तो म्हणाला. "माह्याकडूनच लावाचं राह्यलं असन."

मी गप्प बसलो. तेव्हा बरोबर थांबता आलं मला.

प्रल्हादनं ती चाल पुरी केलीच नाही, आणि मास्तरांनी मला घेतलं. दुसऱ्या दिवशी प्रल्हाद डबा दिगंबरभाऊंकडे ठेवून गेला. निरोप होता, "जो अकोल्याले जाईन त्याले लागन." मी तो घेतला. तुकडा खिशातच होता. जागच्या जागी बसवला.

त्या डब्यावर मी नाव काढलं. लोक विचारायचे, हा आवाज कशानं येतो, कुणी बनवला हा? पहिल्यांदा मी म्हणालो, दोस्तानं. मास्तरांनी पुढच्या कार्यक्रमात माइकवरून सांगितलं की आमच्या गिटारवाल्यानं स्वतः बनवलाय. मी दुरुस्ती केली नाही. पुढं मीच तसं सांगू लागलो.

दोन वर्षांनी आमचा ऑर्केस्ट्रा वाशीमला आला. माइकवर तीच घोषणा झाली. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत प्रल्हाद बसला होता, आणि तोही टाळ्या वाजवत होता. मध्यंतरात तो स्टेजच्या कडेला आला. मला वाटलं, आता बोलेल. चार लोकांत बोलेल. बोलावं, असंही क्षणभर वाटलं.

"घुमारा जरा कमी ठेव," तो म्हणाला. "गाणाऱ्याचे बोल दबून राह्यले."

एवढंच. मी बटन मागं घेतलं आणि त्याचं बरोबर होतं.

त्यानं पुन्हा गिटार हातात घेतली नाही. विजेच्या हापिसात नोकरीला लागला, वाशीममध्येच घर बांधलं. बाजारात भेटायचा, "काय गड्या, बरा हायेस ना?" म्हणायचा. मी "हो" म्हणायचो आणि काहीतरी काम आठवायचो. किती वर्षं असं चाललं? तो जाईपर्यंत.

तो वारल्यावरच्या पुण्यानुमोदनाला मी गेलो. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींशेजारी त्याचा फोटो होता, हापिसातला, टाय लावलेला. त्याची मुलगी शाळेत शिक्षिका आहे. लोक पांगल्यावर ती माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "काका, तुमी बाबांचे जुने दोस्त. आई म्हणते बाबा तरुणपणी गिटार वाजवायचे. आमी तर कदी ऐकलं नाही. खरं हाय का?"

घाई नव्हती. जवळपास कुणी नव्हतं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, बापासारखीच, सरळ.

"थोडीफार," मी म्हणालो.